फोटोपुरता कोट

मी कोट बोलतोय. काळा, दोन बटणांचा, फोटो स्टुडिओतल्या खुंटीवर लटकणारा. सरकारी नोकरीच्या कितीतरी अर्जांवर मी आहे. मात्र छातीपर्यंतच, त्याखाली मला कोणी विचारत नाही.

माझा जन्म शेजारच्या शिंप्याकडचा. एका दांडग्या गिऱ्हाइकाने मापं दिली आणि ते परत फिरकलंच नाही. शिंप्याने वाट पाहिली आणि घरच्या सगळ्यांच्या एका मोठ्या फोटोच्या बदल्यात मला फोटोवाल्यांना देऊन टाकलं. त्यांना मी चांगला फळलो. अर्जासाठी आलेला माणूस आरशात बघतो, स्वतःचा शर्ट त्याला एकाएकी साधा वाटायला लागतो, आणि तो हळूच विचारतो, "कोट आहे का हो?" सडपातळ अंगावर मी ढगळ होतो, मग फोटोवाले पाठीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात. समोरून साहेब, मागून दोरीवरचं धुणं.

एकदा मेजर आले. मेजर ते कधीच नव्हते. फौजेच्या कोठारातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गल्लीने दिलेली बढती ती. बरोबर त्यांची बायको, साऱ्या गल्लीच्या वहिनी. सरकारी दवाखान्यात भांडारपालाची जागा निघाली होती, आणि वयाची सवलत यंदाच संपत होती.

"मागच्या दोन मुलाखतींत काय झालं?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"समोर साहेब बसले की मी सावधान होतो," मेजर म्हणाले. "आणि सावधानमध्ये बोलत नाहीत."

फोटो निघाला, अर्ज गेला, मुलाखतीचं बोलावणंही आलं. मग वहिनी मला मागायला आल्या. मी आजवर उंबरठा ओलांडला नव्हता. फोटोवाल्यांनी मेजरांच्या अंगावर मला चढवलं, चिमटे लावले आणि बजावलं, "फक्त पाठ दाखवू नका."

"पाठ दाखवायची सवय नाही मला," मेजर म्हणाले.

कचेरीत तीन अधिकारी होते, मधल्या खुर्चीवर एक बाई. मेजर बसले ते दगडासारखे. त्यांचं काळीज असं धडधडत होतं की माझं वरचं बटण हलत होतं.

"फौज का सोडलीत?"

"मुदत संपली, मॅडम."

"काय काम होतं?"

"कोठार, मॅडम."

बाईंनी सुस्कारा टाकला. "बरं, या तुम्ही."

मेजर उठले. टाचा जुळवल्या आणि सवयीने खाडकन पीछे मुड केलं. सगळे चिमटे बाईंच्या समोर. एक अधिकारी खोकल्याच्या आडून हसला.

"थांबा. हे काय आहे?"

"चिमटे, मॅडम."

"ते दिसतंय. कोट कुणाचा?"

"फोटोवाल्यांचा."

"आणि आतला शर्ट?"

"माझा."

"मग कोट काढा आणि बसा जरा. घामाने निथळताय."

मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं. मला लागलं, खोटं कशाला सांगू. पण मेजरांनी बाह्या दुमडल्या, ते घोटभर पाणी प्यायले आणि त्यांचे खांदे खाली आले.

बाईंनी विचारलं, "दवाखान्यात माणसं वैतागलेली असतात. औषध नाही म्हटलं की अंगावर येतात. तुम्ही हुकूम सोडाल का त्यांच्यावर?"

"हुकूम मला जमत नाही, मॅडम. आमच्या घरी ते खातं दुसऱ्याकडे आहे."

तिघेही हसले. मग मेजर बोलू लागले ते थांबेनात. "थंडीत जवान रांगेत उभे असायचे. वस्तू संपली म्हणून मी कधी खिडकी लावून घेतली नाही. बाहेर जायचो, कधी येईल ते सांगायचो. माणूस 'नाही' ऐकून घेतो, मॅडम. तोंडावर खिडकी बंद केली की पेटतो."

बाईंनी मान हलवली आणि कोठाराबद्दल आणखी बरंच विचारलं.

नेमणूक झाली तेव्हा दोघं खाऊचा पुडा घेऊन स्टुडिओत आले. मेजरांना आता दवाखान्याच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. माझ्याकडे न बघता ते शर्टातच बसले. मला राग नाही आला. दिसतच होते तसे छान.

ते उठले आणि वहिनी त्याच स्टुलावर बसल्या. "आता माझा काढा."

"तुझा कशाला?" मेजरांनी विचारलं.

"अर्जाला. नगरपालिकेच्या वाचनालयात जागा आहे. मी पदवीधर आहे, विसरलात? तुमच्या दर बदलीला सामान बांधत राहिले, नोकरी धरायला एक गाव मिळालं नाही. आता तुम्ही एका जागी बसलात, तर मी निघते."

"मला आधी नाही सांगितलंस ते?"

"हुकूम सुटायच्या आधी कुणाला कळतो का?"

त्यांनी मला मागून घेतलं. मी त्यांना भलताच मोठा. त्यांची बोटंही माझ्या बाहीबाहेर येईनात. मेजर कॅमेऱ्यामागे उभे राहून सांगत होते, "मान वर. नजर समोर. हसू नको." तेवढ्यानेच त्या हसायच्या. एकामागून एक फोटो बिघडत गेले आणि फोटोवाले डोकं धरून बसले.

शेवटी एकदाचा जमला. फोटोत वहिनी अगदी गंभीर दिसतात. पण त्या वेळी आतून हसू कसं उसळत होतं, ते छातीशी असलेल्या मलाच ठाऊक.

आता माझं अस्तर विरलंय, कोपरं चकाकतात. फोटोवाले नवा कोट घ्यायचं म्हणतात आणि विसरतात. तोवर मी आहे. कुठे जागा निघाली असेल आणि आपलं काय होणार म्हणून पाय अडखळत असतील, तर खुशाल आत या. मी तुम्हाला मापात बसणार नाही, बहुधा कुणालाच बसत नाही. तरी घाला. धडधड सोसायची मला सवय आहे.