कंबरेतला खिळा

मुखेडच्या बाजारात एका महाराजांच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज कंबरदुखीवाल्यांना डोकं गुडघ्याला लागेपर्यंत वाकवत, पाठीवर कणकेचा गोळा फिरवत आणि तो फोडून गंजका खिळा दाखवत. करणी निघाली म्हणत. लोक हात जोडत.

सोयाबीन कापून महानंदाची कंबर धरली होती, कळ पोटरीत उतरायची. महाराजांनी तिला वाकवलं, अजून वाक म्हणत पाठीवर चेल्याला बसवलं. आत काहीतरी सटकल्यागत झालं. खिळा निघाला. महाराज कानाशी म्हणाले, "दवाखान्याची पायरी चढलीस तर हाच खिळा नवऱ्याच्या छातीत घुसंल."

दुसऱ्या दिवशी पायातली चप्पल निसटली ते तिला कळलंच नाही. मांड्यांच्या मध्ये बधिर झालं, लघवी होईना. तरी ती गप्प. नवरा, व्यंकट, नुसता खोकला तरी तिचा जीव उडायचा. उठताच येईना तेव्हा तिनं रडत सगळं सांगितलं. नकळत व्यंकटचा हात छातीवर गेला. मग तो म्हणाला, "मला काय व्हायचं ते होऊ दे. तू चल."

लातूरला लगेच ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "मालक हायत का?" डॉक्टर आरतीबाईंनी त्याला आत बोलावलं.

त्या म्हणाल्या, "दोन मणक्यांमध्ये गादी असते. पुढं वाकलं की तिची पुढची कड दबते आणि आतला मऊ गर मागं रेटला जातो. चांगली गादी हे सोसते. तुमची आधीच चिरली होती. वरून माणूस बसला, गर बाहेर आला आणि नसा चेपल्या." आणि महाराजांकडं बरे झालेले लोक, व्यंकटनं विचारलं. पुष्कळांची कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआपच थांबते, श्रेय महाराजाला जातं, असं त्यांनी सांगितलं.

नंतरच्या एका बाजारी व्यंकट घरची कणीक घेऊन रांगेत उभा राहिला. माझ्या पाठीवर हा गोळा फिरवा, म्हणाला. या कणकेला मंत्र धरत नाही, असं महाराज सांगू लागले. तेव्हा त्यानं त्यांच्याच परातीतला, कुणाच्या पाठीला न लागलेला गोळा उचलून फोडला. आत खिळा. दुसरा फोडला, त्यातही खिळा.

महानंदा आता चालते, पण डाव्या तळव्याला अजून जमीन कळत नाही. आरतीबाईंनी बजावलं होतं, वाकण्याला भिऊ नका. पण पाय बधिर झाला, लघवी अडली, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. शेजारणींना महानंदा एवढंच सांगते, "भ्याव वाटलं तरी बोला. मी गप ऱ्हायले, तेवढा पाय गेला."