ज्वालामुखीला हरकत

भूगोलबाईंनी आयुष्यभर ज्वालामुखी काढले ते फळ्यावर. तपकिरी खडूने डोंगर, लाल खडूने त्याचं पोट, पिवळ्याने घसा, आणि वरचा धूर पांढऱ्या खडूवर डस्टर हलकेच फिरवून. शाळेत त्यांच्या हातच्या ज्वालामुखीचं इतकं नाव होतं, की कुणी पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना मुद्दाम बाईंच्या वर्गावर नेत. हिमनदीही त्या झोकात काढत. प्रत्यक्षात मात्र बाईंनी ना ज्वालामुखी पाहिला होता, ना हिमनदी. त्यांनी जवळून पाहिलेली सगळ्यात मोठी नैसर्गिक घटना म्हणजे प्रयोगशाळेच्या छताची गळती.

याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. पण निवृत्तीच्या वर्षी वर्गात एका मुलीने उभं राहून विचारलं, की बाई, लाव्हाचा वास कसा असतो? लाव्हाचं तापमान पुस्तकात होतं, रंग होता, वेग होता. वास नव्हता. पुस्तकात दिलेला नाही, असं बाईंनी सांगितलं. वर्ग हसला, बाईही हसल्या, तास संपला. पण ते हसू त्यांना घरी येईपर्यंत टोचत राहिलं. इतकी वर्षं आपण दुसऱ्याच्या ताटातल्या जेवणाची चव सांगत बसलो, असं त्यांना वाटलं आणि स्वतःची चक्क लाज वाटली.

त्याच संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. दूर उत्तरेला एक बेट आहे, तिथे आग आणि बर्फ शेजारी शेजारी राहतात. निवृत्त झाल्यावर आपण दोघं जाऊ, गाडी भाड्याने घेऊ, मी चालवीन. बाई गाडी उत्तम चालवत. नवरा चालवत नसे. तो शेजारी बसून, नसलेला ब्रेक दाबत असे.

नवरा विमा कंपनीत सर्वेअर होता. जळलेली गोदामं, बुडालेल्या मोटारी आणि कोसळलेली शेड पाहून पाहून त्याची दृष्टीच तशी झाली होती. पाळण्यातलं बाळ दिसलं, तरी तो आधी पाळण्याचे हुक तपासायचा. माणूस वाईट नव्हता. रोज रात्री गॅसची शेगडी बंद आहे का, हे तो उठून पाहून येई आणि बाईंच्या पांघरुणाचं टोक नीट करून झोपे. बेटाचं ऐकून तो म्हणाला, की कल्पना चांगली आहे, रविवारी सभेत मांडू.

इथेच घोडं पेंड खायला लागलं.

कारण त्या घराला एक नियम होता. सासरे एका मोठ्या गृहनिर्माण संस्थेचे कित्येक वर्षं सचिव होते आणि तिथल्या सभांमध्ये त्यांनी खुर्च्या उडताना पाहिल्या होत्या. एक तर त्यांच्याच दिशेने उडाली होती. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की निदान आपल्या घरात बहुमत नको, एकमत हवं. रविवारी सकाळी चहा झाला की हॉलमध्ये सभा बसे. विषय मांडला जाई. सासरे विचारत, "कुणाची हरकत?" एकाने जरी हात वर केला, तरी विषय बाद. हरकतीचं कारण द्यावं लागे, पण कारणावर चर्चा करायची नाही. चर्चा आली की भांडण आलं, भांडण आलं की खुर्ची आली. या नियमामुळे त्या घरात वर्षानुवर्षं भांडण झालं नव्हतं. वर्षानुवर्षं नवे पडदेही आले नव्हते, कारण रंगावर एकमत होत नव्हतं.

बाईंनी तिथे कधीच हात वर केला नव्हता. दिवसभर त्या मुलांना सांगत, बोलायचं असेल तर आधी हात वर करा. घरी आल्यावर आपल्यालाही हात आहेत, हे त्या विसरून जात.

विषय मांडला गेला. धाकटा दीर लगेच म्हणाला, की वा, मग आपण सगळेच जाऊ की. दीर दंतवैद्य होता, वरच्या मजल्यावर राहायचा आणि समोरच्याचं तोंड उघडं असताना आपणच बोलायची त्याला सवय लागली होती. जाऊबाई ब्यूटी पार्लर चालवत. त्यांनी तिथल्या तिथे चौघांचा एक ग्रुप केला आणि त्याला नाव दिलं, ज्वालामुखी परिवार. सासऱ्यांनी विचारलं, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती. बाईंची होती, पण ती त्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. विचारलं होतं एकाला आणि होकार आला घरादाराचा.

असो, त्या म्हणाल्या. चौघं तर चौघं. त्यांनी हॉलच्या भिंतीवर बेटाचा मोठा नकाशा लावला आणि हौसेने रस्ता आखला. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा मुख्य रस्ता, तिथून आत वळणारी खडीची वाट, लाव्हा थिजून झालेलं काळं मैदान, चढून जाता येईल असं ज्वालामुखीचं तोंड, गंधकाची उकळती डबकी, काळ्या वाळूचा किनारा आणि शेवटी हिमनदी, जिच्यावर बुटांना खिळे लावून चालता येतं. नवऱ्याने ऑफिसातून लाल गोल चिकटपट्ट्या आणल्या. खराब निघालेल्या मालावर तो त्या लावत असे.

मार्गावरच्या पहिल्याच सभेत ज्वालामुखी गेला. हरकत खुद्द सासऱ्यांची. ते स्वतः प्रवासाला येणार नव्हते, पण सभेला होते. बाईंनी सांगितलं, की तो झोपलेला आहे. सासरे म्हणाले, झोपलेला आहे म्हणजे उठणार. मेलेला असता तर माझी हरकत नव्हती. पुढे चर्चा नव्हती. नवऱ्याने उठून ज्वालामुखीच्या तोंडावर लाल गोल चिकटवला.

मग नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी एकेका रविवारी एकेक जागा पडत गेली. गंधकाच्या डबक्यांना जाऊबाईंची हरकत आली. त्या वासाने चांदी काळी पडते आणि केसांचं काय होतं हे तर विचारूच नका, असं त्यांनी सांगितलं. कुणीच विचारलं नव्हतं. खडीच्या वाटेला दिराने हात वर केला. खडा उडतो, रंग उडतो, गाडी दुसऱ्याची आणि दात आपले. दातांचा संबंध काय ते बाईंना कळलं नाही, पण कारणावर चर्चा नसल्यामुळे विचारता येईना. खडीची वाट गेली, तिच्याबरोबर काळं मैदानही गेलं, कारण तिथे दुसऱ्या वाटेने जाता येत नव्हतं. किनारा लाटांच्या भीतीने गेला.

उरली हिमनदी. बाईंचा सगळा जीव आता तिच्यात गोळा झाला होता. त्या रविवारी त्यांनी चहाबरोबर बिस्किटंही जास्तीची ठेवली. पण हात वर झाला तो नवऱ्याचाच. बर्फाला भेगा असतात, तो म्हणाला. त्याने एकदा एका शीतगृहाचा पंचनामा केला होता, तेव्हापासून घरात बर्फावरचा शब्द त्याचाच मानला जाई. भेगेत माणूस गेला तर वर काय येतं, हे त्याने शांतपणे, सर्वेअरच्या आवाजात सांगितलं. जाऊबाईंनी बिस्कीट खाली ठेवलं. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, त्याला खरंच तिची काळजी वाटत होती, आणि म्हणून तर त्या लाल गोलाचा बाईंना जास्त राग आला.

एवढं होऊनही सहल रद्द झाली नव्हती, हे विशेष. उलट तिची तयारी जोरात चालली होती. दीर दवाखान्यात तोंड वासून पडलेल्या एकेका माणसाला आग आणि बर्फाचं थरारक वर्णन ऐकवायचा. बिचाऱ्यांना पळताही यायचं नाही. जाऊबाईंनी ध्रुवावर शोभेल असा कोट आणला आणि तो घालून पार्लरमध्ये फोटो काढले. दुरून डोंगर साजरे म्हणतात. या मंडळींना तेच डोंगर अजून दुरून हवे होते.

नकाशावर काय शिल्लक होतं? विमानतळ. गुळगुळीत डांबरी रस्ता. झाकलेला, कोमट पाण्याचा तलाव. मोठं खरेदी केंद्र. एक हॉटेल. आणि जाऊबाईंनी शोधून काढलेलं ज्वालामुखी संग्रहालय, जिथे बटण दाबलं की मातीच्या डोंगरातून लाल पाणी उसळतं. वास येत नाही, असं त्यांनी मुद्दाम विचारून घेतलं होतं.

मातीचा डोंगर. बाई शनिवारी दुपारी एकट्याच नकाशासमोर उभ्या राहिल्या. मुलांकडून मातीचे डोंगर त्यांनी इतके करून घेतले होते, की शाळेच्या माळ्यावर एक पर्वतरांग तयार झाली होती. आता समुद्र ओलांडून, कोट घालून, त्या तेच पाहायला जाणार होत्या. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे उंदीर हजर होता आणि डोंगराचा पत्ता नव्हता. बाईंना रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. तोही स्वतःचा, कारण एवढ्या सभांमध्ये एकदाही आपण हात वर केला नाही आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणत बसलो. तो राग त्यांना फार आवडला. असं ताजं काही त्यांना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

रविवारी शेवटची सभा भरली. सासऱ्यांनी उरलेल्या मार्गाचं वाचन केलं आणि सवयीने विचारलं, "कुणाची हरकत?" विचारता विचारता ते उठायलाही लागले होते.

बाईंनी हात वर केला.

त्यांना आणखी चहा हवा असेल, असं समजून दिराने किटली पुढे सरकवली.

"संग्रहालयाला माझी हरकत आहे," बाई म्हणाल्या. "मला मातीची ॲलर्जी आहे."

सासरे खाली बसले. इतकी वर्षं माती कालवणाऱ्या बाईला ॲलर्जी कशी, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आलं, पण कारणावर चर्चा नव्हती. नवऱ्याने उठून लाल गोल चिकटवला. तो बसतो न बसतो तोच बाईंचा हात पुन्हा वर. तलावाला हरकत, पाण्यात माणूस बुडतो. खरेदी केंद्राला हरकत, तिथल्या सरकत्या जिन्यात कोटाचं टोक अडकतं. जाऊबाईंनी नकळत मांडीवरचा कोट घट्ट धरला. हॉटेलला हरकत, त्याच्या खिडकीतून म्हणे ज्वालामुखी दिसतो. मग डांबरी रस्ता, अपघात सगळ्यात जास्त तिथेच होतात, आणि हे मी नाही, विमा कंपनी सांगते. नवरा उठबस करून घामाघूम झाला. विमानतळावर गोल लावताना त्याच्या हातातल्या चिकटपट्ट्या संपल्या. नकाशा गोवर आल्यासारखा दिसत होता.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. "मग सहल रद्दच झाली की."

"हो. एकमताने," बाई म्हणाल्या. "आता दुसरा विषय. विषय म्हणजे माहिती. मी एकटी जाणार आहे. खडीच्या वाटेने."

त्या घराच्या इतिहासात प्रथमच तीन हात एकाच वेळी वर झाले. दिराचा, जाऊबाईंचा आणि सगळ्यात उंच नवऱ्याचा. बाईंनी त्या हातांकडे पाहिलंच नाही. त्या सासऱ्यांकडे पाहत होत्या. एकट्याने करायच्या गोष्टीलाही एकमत लागतं का, एवढंच त्यांनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

सासरे पेचात पडले. म्हातारा हट्टी होता, पण नियमाशी प्रामाणिक होता, आणि हीच त्याची पंचाईत होती. त्यांनी आयुष्यात कधी नियम वाकवला नव्हता, मग तो स्वतःच्याच अंगावर का येईना.

"मिशा काढल्या तेव्हा मी कुणाला विचारलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "जे मिळून करायचं, त्याला एकमत. जे एकट्याचं, ते एकट्याचं. हात खाली घ्या."

हात खाली आले. सभा संपली. जाऊबाई कोट घेऊन वर गेल्या आणि थोड्याच वेळात ज्वालामुखी परिवार या ग्रुपमधून दोघंजण बाहेर पडल्याचं बाईंच्या फोनवर आलं.

बाई स्वयंपाकघरात कप विसळत होत्या. मागून नवरा आला आणि उगाचच शेगडीची बटणं तपासून ओट्याला टेकून उभा राहिला. हा माणूस बरोबर यावा, असं बाईंना फार वाटत होतं. हिमनदीवर उभं राहायचं, तर कुणाला तरी "बघा" म्हणायला हवंच की. पण तो आला, तर प्रत्येक वळणावर ब्रेक दाबणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

"आणि माझं काय?" त्याने विचारलं.

"तुम्ही यायला हवे आहात मला. मनापासून सांगते," बाई म्हणाल्या. "पण मी विषय मांडणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. एकमताने."

त्यांनी हात पुसले आणि तिकीट काढायला त्या आत गेल्या. नवरा स्टुलावर बसला आणि विचार करू लागला. जावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण त्याच्या आत चांगली मोठी सभा भरली होती आणि एकूण एक जण हात वर करून बसला होता.