डॉक्टरीणबाईंचा पुढचा दरवाजा

घर बघायला जाताना हत्यारांची पिशवी सोबत नेऊ नये, एवढं साधं शहाणपण सुताराला चाळिशी ओलांडली तरी आलं नव्हतं. त्याचा तरी काय दोष? कामावरून तो परस्पर तिथे आला होता आणि पिशवी म्हणजे त्याचा तिसरा हात. बायकोने फाटकापाशीच बजावलं, "हे बघ, भिंतीवर टकटक करायची नाही. खिडक्या हलवून बघायच्या नाहीत. नुसतं हसायचं."

सुतार लगेच हसून दाखवायला लागला.

शहर वाढत वाढत या जुन्या गावाला येऊन टेकलं होतं, पण गल्लीत शिरायची काही त्याची हिंमत झाली नव्हती. तोंडाशीच नगरपालिकेची पाटी होती. इथली घरं दोनशे वर्षांची, त्यांचा दर्शनी भाग जपलेला, वगैरे वगैरे. या जोडप्याला त्या दोनशे वर्षांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती तळमजल्यावरची एक खोली.

बायकोचे वडील त्यांच्याजवळ राहत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तीस वर्षं बस चालवून अख्खं शहर पालथं घातलेला माणूस! गुडघ्यांनी दगा दिला, जिना उतरवेना आणि तीन वर्षं तो खिडकीशी बसून होता. डॉक्टरकडे न्यायचं झालं की सुतार आणि शेजारी त्यांना खुर्चीत बसवून खाली उतरवत. म्हातारा वाटभर थट्टा करी, "जावईबापू, वळणावर जरा हळू, प्रवासी उभे आहेत." पण परत वर आणला की दिवसभर कोणाशी अक्षर बोलत नसे. लेकीला ते बघवायचं नाही.

घराच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. घर मोठं झालं, त्या एकट्या उरल्या, म्हणून बहिणीजवळ राहायला निघालेल्या. घर दाखवणाऱ्या एजंटाने दोघांना मागच्या दाराने आत घेतलं, सात पायऱ्या चढवून. "पुढचं दार सहा वर्षांपासून अडकलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला एकटीला ओढवत नाही." आणखी दोन गिऱ्हाइकं मागे लागली आहेत, दोन्ही मोटारवाली, हे एजंटाने तीनदा सांगितलं.

पुढची खोली बघून बायकोचे डोळे चमकले. उजेड भरपूर, खिडकीखाली पलंगाला जागा, आणि पुढच्या दाराबाहेर एकच बुटकी पायरी, की लगेच गल्ली. मग एजंट तिला वरचा मजला दाखवायला घेऊन गेला, डॉक्टरीणबाई चहा टाकायला गेल्या आणि सुतार त्या दारासमोर एकटा राहिला. तिथेच घोटाळा झाला.

भुकेल्यापुढे ताट ठेवावं तसं ते दार होतं. चौकट एका बाजूला बसली होती, दार खाली घासत होतं. काम कितीसं? पाव तासाचं. त्याने पाचरी मारून दार सोडवलं, बिजागऱ्यांतून उतरवलं, आडवं टाकलं आणि रंधा चालवला. आवाज ऐकून एजंट जिन्यावरून धावत आला, तोवर दार जागेवर बसलंही होतं.

"अहो, पाटी वाचली नाहीत?" एजंट किंचाळला. "इथल्या दाराला रंग द्यायचा तरी वारसा समितीचा कागद लागतो! बाईंना दंड होईल, दंड!"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. खालच्या ढलप्यांकडे बघून म्हणाल्या, "दात काढण्याआधी विचारायचं असतं हो." मग त्यांनी एका बोटाने दार ढकललं. ते उघडलं. बाई उंबऱ्यात उभ्या राहून गल्ली बघत राहिल्या.

रस्त्यावर आल्यावर एजंट कुजबुजला, "दोन सूतच तर लाकूड गेलंय, पाव इंच. तोंड बंद ठेवा. पुढच्या आठवड्यात समितीची पाहणी आहे, बाई घेतील बघून."

"म्हणजे करणार मी आणि भरणार त्या," सुतार घरी येऊन म्हणाला. "उद्या जाऊन सांगतो, मी केलं म्हणून."

"सांग ना," बायको भडकली. "मग ते घर आपल्याला कोण देणार? तुझा खरेपणा घेऊन बाबांनी खिडकीतच बसायचं का?"

सासरे पलीकडे बसून सगळं ऐकत होते, हे सुताराला सगळ्यात जास्त लागलं. तरी सकाळी तो नगरपालिकेत गेलाच.

समितीच्या अधिकारी बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "स्वतःहून कबूल करायला आलेले तुम्ही पहिलेच. यासाठी आमच्याकडे अर्जाचा नमुनासुद्धा नाही." दंड त्यांनी लावला नाही, पण नोटीस काढली. जो घराचा मालक असेल त्याने तीन महिन्यांत चौकट सरळ करायची, कापलेला भाग त्याच जातीच्या जुन्या लाकडाने भरायचा आणि दर आठवड्याला समितीला काम दाखवायचं.

बायकोने चार दिवस अबोला धरला. "बाबा, तुमच्या जावयाला सांगा, मीठ संपलंय." बाबा इमानदारीत निरोप पोचवत, वर स्वतःचा एखादा जोडून देत.

पाचव्या दिवशी दुपारी दारात डॉक्टरीणबाई उभ्या, धापा टाकत.

"तुम्हाला खडसावायला निघाले होते," खुर्चीत बसत त्या म्हणाल्या. "तीन जिन्यांनी निम्मा राग संपवला. नोटीस लागल्याचं कळलं आणि ती दोन्ही गिऱ्हाइकं पळाली. समितीची कटकट कोण गळ्यात घेणार?"

"चूक माझीच," सुतार मान खाली घालून म्हणाला.

बाईंचं लक्ष खिडकीशी बसलेल्या बाबांकडे गेलं. "आणि हे किती दिवस इथे?"

"तीन वर्षं," बाबांनीच उत्तर दिलं. "बढती मिळत मिळत वर आलो, आता खाली कोणी पाठवत नाही."

बाई हसल्या, मग थांबल्या. "मी सहा वर्षं मागच्या दाराने ये-जा केली. परवा पुढचं दार उघडून खुर्ची टाकून बसले, तर समोरच्या घरातली बाई रडायलाच लागली. तिला वाटलेलं, मी कधीच गाव सोडलं. एक दार बंद पडलं की माणूस इतका लांब जातो हे मलाही कळलं नव्हतं." त्यांनी पदराने घाम पुसला. "तर ऐका. निस्तरणार तुम्हीच. घर घ्या, नोटिशीसकट. बोलले होते तीच किंमत."

बायको नवऱ्याकडे वळली आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली, "अरे, बाईंना पाणी तरी दे!"

दीड महिन्याने ते राहायला आले. सुताराने चौकट सरळ केली, जुनं लाकूड शोधून जोडलं, अधिकारी बाईंनी भिंग लावून तपासलं. आणि राहायला आल्याच्या आठव्या सकाळी बायको पुढच्या खोलीत चहा घेऊन गेली, तर पलंग रिकामा.

"बाबा?" ती न्हाणीघरात धावली, मागच्या अंगणात धावली. सुतार वरचा मजला शोधून आला. दोघांचे चेहरे उतरले. मग ती तशीच गल्लीत पळत सुटली.

वळणावर भाजीच्या गाडीपाशी बाबा काठीवर रेलून टोमॅटो निवडत होते आणि भाजीवाल्याला गाडी कुठे उभी करायची ते शिकवत होते.

"न सांगता कुठे निघून गेलात?" तिने त्यांची बाही घट्ट पकडली. आवाज रागाचा होता, डोळे भरून आले होते. तीन वर्षांत बाबा पहिल्यांदाच हरवले होते.

"बाहेर," बाबा म्हणाले आणि त्यांनी टोमॅटोची पिशवी तिच्या हातात दिली.