उजवा कौल

आईला घास गिळता येईना, तेव्हा ओरोसच्या डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. नाकातून नळी घातली तर ती काही महिने काढेल. नाही घातली तर थोडे दिवस. "सोमवारपर्यंत कळवा," ते म्हणाले.

ते दोन हजार पाच साल होतं. आईच्या कंपवाताला सात वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी गोळ्या अशा लागू पडल्या की ती उठून बंदरावर गेली आणि मासळीच्या लिलावात भांडूनही आली. त्या एका सकाळच्या भरवशावर मी पुढची वर्षं ढकलली. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. या आजारावर मिळेल ते वाचलं होतं. सोमवारी काय सांगायचं, ते कुठेच सापडलं नाही.

रविवारी मी देवळात गेलो. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी पडली. उजवी म्हणजे होकार. मला सुटल्यासारखं झालं.

घरी धाकटी बहीण रुक्मिणी आईचं तोंड पुसत होती.

"खंय गेल्लस, भाई?"

"कौल घेऊक. नळी घालूक उजवो दिलान."

"पुस्तकात गावला नाय म्हणान देवळात गेलंस. आवशीक इचारलंस?"

"तिका आता काय समाजता?"

"माका इचार. न्हाणीत पाणी बरा आसला तर एकदा डोळे मिटता. कढत आसला तर दोनदा."

एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

रुक्मिणी आईच्या कानाशी वाकली. "आये, नाकात नळी घालूची म्हणतत. घालूची?"

आईने डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

"पण कौल..." मी म्हणालो.

"तुझ्या कॉलेजाचो कौल डावो पडललो," रुक्मिणी म्हणाली. "आवशीन माका सोडून कोणाक सांगूक नाय. देवाक नारळ ठेवलान नि दुसऱ्या दिवशी तुका कोल्हापूरच्या गाडीत बसयलान."

मी आईकडे पाहिलं. "खरा, आये?"

तिने एकदा डोळे मिटले.

सोमवारी मी डॉक्टरांना फोनवर नळी नको म्हणून सांगितलं. मग देवळात जाऊन देवापुढे नारळ ठेवला.

सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. रुक्मिणी विहिरीवर गेलेली बघून मी आईजवळ बसलो. "आये, अजून वेळ आसा. घालूया?"

तिने डोळे मिटले. उघडले. माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ की मी उठून फोनपाशी जाणार होतो.

मग तिने पुन्हा मिटले.

मी पेजेच्या पाण्यात कापूस बुडवला आणि तिचे ओठ ओले केले.