दुसऱ्यांच्या तोंडची क्षमा

चर्चमधल्या वेदीमागच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तीही कूलरने अडवली होती. सौरव मधल्या खुर्चीत बसला होता. उजवीकडे मुकुंदराव, डावीकडे त्यांची धाकटी बहीण यमुताई. दार ओढून घेताना पाळकसाहेब म्हणाले होते, "आज प्रभुभोजन आहे. मनं मोकळी करूनच बाहेर या."

ज्याच्या मनात कुणाविषयी वैर आहे त्याने प्रभूच्या मेजाजवळ जाऊ नये, हा मंडळीचा रिवाज. आईला मातीत ठेवल्यापासून ही भावंडे शेवटच्या बाकाच्या दोन टोकांना बसत आणि प्रभुभोजनाच्या भाकर-प्याल्याची वेळ आली की जागेवरच माना खाली घालून राहत. तंटा आईच्या कबरीवरच्या दगडाचा. त्यावर बायबलमधले कोणते वचन कोरायचे ते मुकुंदरावांनी एकट्याने ठरवले. आईचे सारे दुखणे काढणाऱ्या यमुताईंना विचारलेसुद्धा नाही. त्या अडून बसल्या आणि दगड कोराच राहिला.

समेटाचे काम पाळकसाहेबांनी मंडळीतल्या तरुण सौरववर सोपवले, कारण तो कमी बोलतो. मोहननगरच्या गल्ल्यांतून निरोप नेता-आणताना त्याला एक खोड जडली. "तिले सांग, आई तिच्या एकटीची नव्हती," असे मुकुंदराव म्हणत. यमुताईंच्या उंबऱ्यापर्यंत त्याचे "दादा म्हणतात, आई आपल्या दोघांची होती" असे होई. कडू शब्द त्याच्याने उच्चारवत नसत. शेवटी त्याने दोघांनाही सांगून टाकले, की समोरच्याने क्षमा मागितली आहे आणि आज समोरासमोरही मागणार आहे.

म्हणून आज दोघे आली होती. ऐकायला.

"बोल न वं," मुकुंदराव म्हणाले. "मी आयकून राहिलो."

"मी काय बोलू, दादा? माफी तर तू मागणार होता."

"मी? तुले कोणी सांगितलं?"

दोघांच्या नजरा एकाच वेळी सौरवकडे वळल्या. एक सोयीचे वाक्य अजूनही त्याच्या जिभेवर तयार होते, आणि त्या वाक्याचीच त्याला भीती वाटली.

"कुणीच मागितली नव्हती," तो म्हणाला. "मीच रचलं."

"पाहिलं का यमे, पोट्टं दोघांलेही घुमवून राहिलं होतं."

"अन् मी तुह्यासाठी शेवया करून आणल्या. मले वाटलं, दादा एवढा नमला, तर आपणच काहून ताठ राहावं."

"मलेही तसंच वाटलं," मुकुंदराव हळूच म्हणाले.

बाहेर गीत सुरू झाले. दोघे उठली. पण कडीला हात घालून मुकुंदराव थांबले. "या पोट्ट्याचा राग मनात घेऊन मेजाजवळ कसं जाऊ?"

सौरवने हात जोडले. "चुकलं माझं."

यमुताईंनी त्याला निरखून पाहिले. "हे कोणाच्या वतीनं सांगून राहिला?"

आजवरच्या साऱ्या क्षमा त्याला सहज सुचल्या होत्या. त्या दुसऱ्यांच्या होत्या.

"माझ्याच," तो म्हणाला. गीताच्या आवाजात ते विरून गेले.

"मोठ्यानं म्हण गा," मुकुंदराव म्हणाले. कडी अजून लागलेलीच होती.