ओठ न लावता

माझ्या मोठ्या बहिणीचं, कीर्तीचं लग्न एका पेल्यावर अडलं होतं.

मुलगा सांगलीचा, गिरीश. दोघांनी एकमेकांना चेन्नईच्या ऑफिसात पसंत केलेलं. आईबाबांना पत्रिका पसंत, पगार पसंत, उंचीसुद्धा चालून गेली. राहिली फक्त रुक्मिणीआत्या. पेला ओठाला लावून कॉफी पिणाऱ्याशी आपली सोयरीक होत नाही, असा आमच्या कुंभकोणमच्या मराठी घराण्याचा नियम आहे. तो आत्यानेच केलाय.

"तंजावरचं राज्य गेलं," ती सांगते, "पण आम्ही पेला उष्टा होऊ दिला नाही."

पेला वर धरायचा, मान मागे टाकायची, धार थेट तोंडात. गिरीशने आत्याच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या परसात पाण्यावर सराव केला. पाणी पेल्याच्या बाहेरून ओघळून मनगटावर, तिथून कोपरात आणि शेवटी, कसं कोण जाणे, मोज्यात गेलं.

"कार्तिक, हा पेला माझ्यावर डूख धरून आहे."

"पेल्याचा दोष नाही हो भाऊ. तुम्ही हळू ओतताय. हळू निघालेलं पाणी धातूला चिकटतं आणि काठावरून वळून खाली ओघळतं. तेलाची बाटली दबकत कलंडवली की बाहेरून ओशट होते ना, तसंच. बेधडक ओता. वेग असला की पाणी वळायच्या आत काठ सोडतं."

"म्हणजे भित्र्याचंच ओघळतं?"

"विज्ञान असं म्हणत नाही. आत्या म्हणते."

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात सगळे बसले. पाहुण्याला उकडू नये म्हणून बाबांनी टेबल फॅन थेट त्याच्या पाठीमागे लावला. गिरीशने डोळे मिटले आणि बेधडक ओतलं. धार सुटली! सरळ तोंडात! आई हळूच म्हणाली, "शाब्बास."

ते ऐकून त्याने हात आणखी वर नेला. मग आणखी.

धडा मी अर्धाच शिकवला होता. पडणारी धार वेग घेत जाते, वेगाबरोबर बारीक होते, आणि फार बारीक झाली की तुटून तिचे थेंब होतात. थेंबांचं पुढे काय करायचं ते पंख्याला ठाऊक होतं.

बाबांच्या नेसत्या वेष्टीवर कॉफी. कीर्तीच्या रेशमी साडीवर कॉफी. कॅलेंडरवर अख्खा ऑगस्ट कॉफीचा.

आत्याने ओठावरचा थेंब जिभेने टिपला.

"जानकीरामा," ती बाबांना म्हणाली, "दुधात पाणी आहे."

बाबा जमिनीकडे बघू लागले. "अक्का, पाहुणे जास्त, दूध थोडं..."

"अय्यय्यो! कुंभकोणमात, पाहुण्याला, पाण्याची कॉफी? आता यांनीच नकार दिला तर?"

तिने चष्मा पुसून पेल्याचा काठ निरखला. "ओठ लागला नाही."

"अक्का, कॉफीही तोंडाला लागली नाही."

"नियम कॉफीचा नोव्हे, पेल्याचा." मग हात जोडून गिरीशकडे वळली. "आमचं दूध पदरात घ्याल का?"

नाकावरून कॉफी ठिबकत असताना गिरीश गंभीरपणे म्हणाला, "विचार करून कळवतो."

कीर्तीने त्याच्या पायावर टाच दिली.

"केला विचार," तो म्हणाला.

लग्न तै महिन्यात, संक्रांतीनंतर आहे. मांडवात एकही पंखा नको, असं आत्याने मांडववाल्याला बजावलंय.