कोरी जमीन

चिमाजीनं बरकतचे हात विहिरीच्याच दोरानं बांधले. गाठ आवळताना गुडघा त्याच्या पाठीत रोवला.

"जरा दमानं, कारभारी," बरकत म्हणाला. "पळून जाऊ कुठं? बायको, पहार, घमेली, समदी हितंच हायत माझी."

"जीभ लई चालती रं तुझी. फौजदार येऊ दे, त्याच्यापुढं चालव."

काठावर, पोत्यावर ते हाड पडलं होतं. हातभर लांब, काळपट, एका टोकाला गाठ. सकाळी विहीर खणताना दोन पुरुष खोलीवर बरकतच्या टिकावाला लागलं आणि मधोमध मोडलं. अर्धं वर आलं, अर्धं अजून भिंतीत होतं. मांडीचं हाड, हे वाडीत पोराटोरांनाही कळलं. कुणाच्या मांडीचं, हेही चिमाजीनं लगेच सांगून टाकलं. रंगरावच्या.

रंगराव म्हणजे चिमाजीचा चुलतभाऊ. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात घरातून गेला तो गेलाच. चाकणच्या मोटारीत मीच बसवून दिला त्याला, असं चिमाजी तेव्हा सांगायचा. आज त्याचं सांगणं बदललं होतं. रंगराव वाटेतूनच माघारी आला असणार, आणि बरकतनंच त्याला गाठला असणार. कारण त्याच उन्हाळ्यात बरकतनं रंगरावला खणून दिलेली विहीर कोरडी गेली होती, आणि भर बाजारात दोघांनी एकमेकांच्या गळ्याला हात घातला होता. ते भांडण सगळ्यांना आठवत होतं. सकाळीच चिमाजीनं फौजदाराला आणायला सायकलवाला चाकणला पिटाळला होता.

रंगरावची बायको दुर्गाबाई पोत्यापाशी बसली होती. वावर तिचं, विहीर तिची. पाणी शोधणाऱ्या पाणाड्यानं दाखवलेल्या जागेवर ती अडून बसली होती. चिमाजीला विहीर खाली ओढ्याकडं हवी होती. नऊ वर्षं ती रोज कुंकू लावत होती.

"पूस गं बाई आता," म्हातारी गोजाबाई तिच्या कानाशी लागली. "किती दिस ठेवशील?"

"फौजदार म्हनू दे. मग पुसते."

तेवढ्यात बरकतची बायको हसीना बांधावरून धावत आली. तिच्यामागं धापा टाकत लक्ष्मणराव. पुण्याच्या कॉलेजात हे दगडांचं शिकवायचे. पिंपरीला कारखान्यांच्या इमारती उठत होत्या, त्यांना दगड कुठला चांगला ते बघायला चार दिवस नदीच्या पात्रात हातोडी घेऊन फिरत होते. वाडीतली पोरं त्यांना दगडफोड्या मास्तर म्हणायची.

"ह्यांना कशाला आणलं?" चिमाजी म्हणाला. "मढं बघायला मास्तर लागतो व्हय?"

मास्तरांनी हाड उचललं, तळहातावर तोललं. खिशातली हातोडी काढून त्यावर हलकेच मारली. खणकन वाजलं, दगडावर दगड वाजावा तसं. मग एक कपची त्यांनी चिलीम ओढत बसलेल्या म्हाताऱ्याच्या निखाऱ्यावर ठेवली.

"हाड जळताना वास येतो. तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक नसायला काय झालं? सगळे नाक वर करून बसले. निखारा विझत आला, वास आला नाही.

"हे हाड होतं, आता दगड आहे. जमिनीतलं पाणी ह्याच्यात मुरत राहिलं आणि पाण्यातलं खनिज आत बसत गेलं. नऊ वर्षांत हे होत नाही. नव्वदांतही नाही."

"मग किती?" दुर्गाबाईनं विचारलं. ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

"आकडा खात्रीनं सांगता यायचा नाही. हजारो वर्षं. राहिलेलं अर्धं बघू द्या."

बरकतशिवाय ते काढायला कुणी धजेना. शेवटी त्याचे हात सोडले, पण दोर कमरेला बांधून टोक चिमाजीनं मुठीत धरलं. बरकत भिंतीत कोरलेल्या पावठ्यांवरून खाली उतरला. घट्ट झालेल्या वाळूगोट्यांत छिन्नीनं तासभर टोकरत बसला. ऊन डोक्यावर आलं. कुणी जेवायला गेलं नाही. मग तो पाटीभर माल घेऊन वर आला. हाडाचं दुसरं टोक, मुठीएवढी एक दाढ, आणि मनगटापेक्षा जाड असा शिंगाचा बुंधा.

"अगं बया, बैल!" गोजाबाई म्हणाली, आणि दोघीचौघी हसल्या.

"बैलच," मास्तर म्हणाले. "पण तुमच्या गोठ्यातला नव्हे. रानबैलाची जात होती ही, आता कुठंच उरलेली नाही. तुमच्या खिल्लारीचा लांबचा चुलतआजा म्हणा. पिढ्यान् पिढ्या जनावर जरा जरा बदलत जातं. काही घराणी टिकतात, काही संपतात."

चिमाजी हसला नाही. "बैल असंल. मानूस त्याच्या शेजारी नसंल कशावरनं? खोल खड्डा घेतला आन् पुरला. मग घावणार खालीच की."

मास्तरांनी मान हलवली. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले.

"त्याला शिकलेला मानूस नगं," बरकत म्हणाला. कमरेचा दोर ओढून त्यानं चिमाजीलाच काठाशी आणलं. "बघा की राव. वर काळी माती. तिच्याखाली पिवळी. पिवळीत ही चुनखडीची पांढरी पट्टी. आन् हाड पार तिच्या खाली, वाळूगोट्यांत. खड्डा घेतला तर पट्टी तुटती. भरताना काळी-पिवळी एक व्हती. मग बाप आला तरी त्येला ती निराळी करता येत न्हाई. हाडावरची पट्टी बघा. कोरी जमीन हाय ती. कुनी हात लावलेला न्हाई."

"खालचं आधीचं, वरचं नंतरचं," मास्तर म्हणाले. "कॉलेजात मी हेच शिकवतो. पहिल्या दिवशी."

माणसं काठावर ओणवी झाली. हाड निघालं त्या जागेच्या वर पट्टी सलग होती. कुणाच्या बापाला खोटं म्हणता आलं नसतं.

"सोडा की त्याला आता," कुणीतरी मागून म्हणालं.

हसीनानंच पुढं होऊन गाठ सोडली. चिमाजीनं टोक सोडून दिलं, ओढलंही नाही.

दुर्गाबाई मात्र अजून ओणवीच होती. ती पट्टीवरून नजर फिरवत चालली होती, परातीची कड तपासावी तशी. उत्तरेची बाजू झाली. पूर्वेची झाली. काठावरच्या बाभळीच्या अंगाला पांढरी पट्टी एकदम थांबली. दोन हात जागा नुसती गढूळ, काळी-पिवळी कालवलेली. त्यापुढं पट्टी पुन्हा सुरू.

नुसतीच बघत राहिली.

"जुनं पेव हाय ते," चिमाजी म्हणाला.

त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बरकत हातावरचे वळ चोळत होता, तो थांबला. "त्या अंगाला दोन दिस लवकर उरकलं," तो हळूच म्हणाला. "टिकाव लोण्यात गेल्यागत जात व्हता. म्या म्हनलं, बरं झालं, मेहनत वाचली."

"दान्याचं पेव," चिमाजी पुन्हा म्हणाला. "आज्यानं काढल्यालं. दुर्गे, जागा काय बरी न्हाई ही. बुजवून टाकू. ओढ्याकडं मी सोता हीर पाडून देतो तुला."

"पेव घरापाशी काढत्यात, भावजी. ओल नसंल तिथं. पान्याच्या जागी दाना कोन पुरल?"

चिमाजीनं फेटा काढला, झटकला, परत बांधला. रस्त्याकडं बघितलं. चाकणच्या बाजूला धुरळा उठला होता.

"फौजदाराला मी वाटंतनंच माघारी धाडतो. बैलाच्या हाडापायी सायबाला उनाचं कशाला..."

"येऊ द्या त्यास्नी," दुर्गाबाई म्हणाली. "तुमीच बोलावल्यात."

चिमाजी दोन पावलं गेला. बांधावर वीस माणसं होती. कुणी अडवलं नाही, पण कुणी वाटही दिली नाही. तो तिथंच उभा राहिला.

दुर्गाबाईनं टिकाव उचलून बरकतपुढं धरला. "बरकतभाऊ, तेवढी कालवल्याली जागा उकरता का? आजची मजुरी मी देनं लागते. न्हाई म्हनलात तरी राग न्हाई."

बरकतनं हसीनाकडं बघितलं. तिनं पाण्याची घागर बाभळीच्या सावलीत सरकवली. तो खाली उतरला. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

पहिलाच घाव. टिकाव दांड्यापर्यंत आत गेला.